बाथरूमची ओल दर दोन-चार वर्षांनी परत येते? जुन्या घरात आधी फरशीखालचा ढाळ (उतार) शोधा

देवघराच्या कोनाड्यातल्या करंड्यात कुंकवाच्या गुठळ्या व्हायला लागल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, भिंत परत पाझरायला लागली बघ." त्यांच्या तोंडून हे चौथ्यांदा ऐकत होते. कोनाड्याच्या भिंतीपलीकडे आमचं बाथरूम आहे. २०१२, २०१६ आणि २०२१ अशी तीन वेळा त्याची दुरुस्ती झाली होती. दर वेळी नवा गवंडी, नवं केमिकल, नवी फरशी. दर वेळी सहा-आठ महिने सगळं छान, आणि मग जमिनीपासून वीतभर उंचीवर पहिला पिवळसर डाग.

२०२३ मध्ये एकदाचं मूळ सापडलं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, भिंत कोरडी आहे. साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या बऱ्याच घरांची हीच तक्रार ऐकते, म्हणून आम्ही कुठे चुकलो, काय काय तपासलं आणि शेवटी काय केलं, ते क्रमाने लिहिते. बाथरूम नव्याने करायचं ठरवलं असेल तर फरशा निवडायला दुकानात जाण्याआधी हे वाचा.

घर कसं आहे, हे आधी समजून घ्या

आमचं घर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याच्या एका पेठेत आहे. खाली साडेतीन-चार फूट काळ्या दगडाचं, मातीत बांधलेलं काम, त्यावर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची (उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची) भिंत, वर कडीपाट आणि कौलं. भिंतीची जाडी पावणेदोन-दोन फूट. अशा भिंतीत सिमेंटचा कणही नसतो. ती पाणी पिते आणि उन्हाळ्यात हवेला परत देते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो, म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

जुन्या माणसांनी पाणी या भिंतींपासून लांब ठेवलं होतं. न्हाणीघर मागच्या बाजूला, उघड्या पडवीला लागून. आत शहाबादी फरशीची मोरी, एका कोपऱ्यात बंब, आणि मोरीचं पाणी भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या भोकातून पडवीच्या कडेच्या दगडी पन्हळीत उतरून परसात जायचं. भिंत भिजली तरी बाहेरून वारा आणि ऊन लागून वाळायची.

१९८४ मध्ये घरात माणसं वाढली. पडवी बंद करून तिची खोली केली आणि देवघर तिथे आलं. मोरीचं बाथरूम झालं, भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं, आणि पाणी जायला समोरच्या कोपऱ्यात नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी वाहून नेणारं, वास अडवणारं भांडं) बसवून लाईन थेट परसातल्या चेंबरला नेली. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं, पण त्याचा ओलीशी काही संबंध असेल असं तीनही दुरुस्त्यांच्या वेळी डोक्यात आलं नाही. जुन्या घराचं काम काढताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून "इथे पूर्वी काय होतं?" हे विचारा आणि कागदावर काढून घ्या. आमच्या प्रकरणात तो कागदच निर्णायक ठरला असता.

तीन दुरुस्त्या आणि त्या का फसल्या

पहिल्या वेळी फरशांच्या फटी खरवडून पुन्हा व्हाइट सिमेंट भरलं आणि वरून पारदर्शक केमिकल मारलं. व्हाइट सिमेंट पाणी अडवत नाही, फक्त फट झाकतं. फरशी आणि टाइल्स या पाणी अडवण्यासाठी नसतातच. त्या धुवायला सोप्या असतात इतकंच. पाणी अडवायचा थर त्यांच्या खाली असतो, आणि आमच्याकडे तो नव्हताच.

दुसऱ्या वेळी मोठं काम केलं. भिंतीतली गंजलेली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाइपलाईन काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकची) टाकली. जुन्या फरशीवरच सिमेंट-रेतीचा माल टाकून नव्या टाइल्स बसवल्या, "मालात वॉटरप्रूफिंगचं औषध घातलंय वहिनी, आता काळजी नको," असं गवंडी म्हणाले. माणूस प्रामाणिक होता, त्याने औषध घातलंही होतं. पण मालात मिसळलेलं औषध माल थोडा घट्ट करतं, अखंड पडदा तयार करत नाही. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे केसाएवढी चीर पडली की पाणी तिथूनच जातं. मातीत बांधलेली भिंत ऋतूप्रमाणे किंचित फुगते, आकसते, म्हणून तो सांधा तर उघडतोच.

शिवाय देवघराच्या बाजूने भिंत खरवडून सिमेंटचा गिलावा केला आणि ओल रोखणारा म्हणून विकला जाणारा रंग दोन हात दिला. ही आमची सर्वांत मोठी चूक. त्या बाजूने बाहेर पडणारी ओल कोंडली गेली आणि वाट शोधत वर चढली. २०१६ आधी डाग दीड फुटांवर थांबायचा, २०१८ मध्ये तो चार फुटांवर, म्हणजे दगडी काम ओलांडून भेंड्यांपर्यंत पोचला. दगड भिजला तर काही बिघडत नाही. भेंडा भिजला तर तो विरघळतो.

तिसऱ्या वेळी, २०२१ मध्ये, ट्रॅप बदलला आणि भिंतीला भोकं पाडून आत केमिकल सोडलं. विटांच्या भिंतीत हा उपाय चालत असेल, पण मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत आत पोकळ्या असतात, औषध कुठल्या कुठे निघून जातं.

या तीनही दुरुस्त्या मार्च ते मे या काळात झाल्या होत्या. उन्हाळ्यात केलेली प्रत्येक दुरुस्ती यशस्वीच दिसते, कारण भिंत तशीही वाळतच असते. डाग गेला म्हणून आम्ही पैसे चुकते केले आणि विषय संपवला.

पेन्सिलीची रेघ

२०२२ च्या जूनमध्ये कुंकू ओलावलं तेव्हा मी ठरवलं की आता वर्षभर काहीही फोडायचं नाही, फक्त बघायचं. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. दर रविवारी पुन्हा रेघ. पंधरा मिनिटांचंही काम नाही, पण आजवर मागवलेल्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा त्या रेघांनी जास्त सांगितलं.

जुलैत साताऱ्यात पाऊस लागून राहिला, आणि रेघ जेमतेम एक बोट सरकली. मग गौरी-गणपती आले. घरात अकरा माणसं, सकाळी सहापासून बाथरूमला रांग. त्या आठवड्यानंतर रेघ चार बोटं वर. दिवाळीत तसंच. तरीही मी म्हटलं, हवा दमट असेल. पण डिसेंबरात घरात कार्य होतं, पावसाचा थेंब नाही, कोरडी थंडी, आणि रेघ पुन्हा तीन बोटं चढली. म्हणजे ओल पावसाची नव्हती, डोंगराचीही नव्हती. अंघोळीच्या पाण्याची होती, आणि जास्त पाणी पडल्यावर सात-आठ दिवसांनी दिसत होती.

हा उशीर महत्त्वाचा आहे. पाणी लगेच दिसत नाही म्हणून "काल बाथरूम वापरलंच नव्हतं, तरी ओल वाढली, म्हणजे बाथरूमचा दोष नाही" असा निष्कर्ष लोक काढतात. दोन फुटी भिंत आणि खालचा भराव पार करायला पाण्याला दिवस लागतात.

फोडण्याआधीच्या तपासण्या

सगळ्यात आधी प्लास्टिकचा कागद. भिंतीवर डागाच्या जागी एक फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे, आणि तुम्हाला गवंड्याची नाही, एक्झॉस्ट पंख्याची गरज आहे. आमच्याकडे भिंतीकडच्या बाजूला थेंब होते.

मग पाण्याची लाईन. रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खूण करायची आणि सकाळी बघायची. नगरपालिकेच्या लाईनचा संशय असेल तर मीटरचा काटा पाहायचा. आमच्याकडे कास तलावाचं पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे त्या वेळेनंतरच ओल वाढते का हेही नोंदवलं. तसं काही दिसलं नाही. प्लंबरला हातपंप लावून प्रेशर तपासायला सांगा. कौलाखालच्या माळ्यावरची टाकी नळाला एक किलोपेक्षाही (दर चौरस सेंटीमीटरला) कमी दाब देते, त्यामुळे नव्या सीपीव्हीसीला पाच किलो दाब दिला की बारीक गळतीही कळते. काटा दोन तास हलता कामा नये. भिंतीत जुनी जीआय लाईन असेल तर अडीच-तीन किलोंवर थांबा, जास्त दिलात तर गंजलेला पाइप तिथेच फुटेल. गरम आणि गार लाईन वेगवेगळी तपासा. गरम पाण्याची लाईन फक्त गिझर वापरताना गळते अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. आमच्या दोन्ही लाईन पास झाल्या.

पुढची तपासणी पाणी साठवण्याची, आणि ती नीट करणारे फार कमी. ट्रॅपला रबरी बूच, ते नसेल तर फुगा किंवा कापडात गुंडाळलेला मातीचा गोळा बसवायचा. उंबऱ्यापाशी सिमेंटचा छोटा बांध घालायचा. मग इंचभर पाणी भरून टाइल्सवर पातळीची खूण करायची. याच्या शेजारीच पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. पाणी हवेतही उडतं, आणि बादली नसेल तर उडालेलं किती आणि झिरपलेलं किती हे कळायला मार्ग नाही. अठ्ठेचाळीस तासांनी आमच्या बादलीतली पातळी केसभर खाली होती. बाथरूममधली बोटभर.

म्हणजे पाणी जमिनीतूनच जात होतं; बूच लावलेलं असल्याने ट्रॅपच्या पुढच्या पाइपात ते गेलंच नव्हतं. पाइप तपासायचा असेल तर उलटं करायचं: बूच काढून बादली-बादली पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतायचं, टाइल्सवर पडू द्यायचं नाही, आणि परसातल्या चेंबरमध्ये सगळं पोचतंय का ते बघायचं. पाण्यात जिलेबीचा केशरी रंग घातला तर सोपं जातं. फक्त एक लक्षात ठेवा, माती रंग धरून ठेवते. भिंतीवर रंग उतरला तर गळती पक्की, पण रंग दिसला नाही म्हणून गळती नाही असं समजू नका.

एक फूट चौकोनाने सांगितलेलं

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका वयस्कर गवंडीमामांना बोलावलं. जुन्या वाड्यांची कामं केलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रेघा पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, सगळं फोडायचं नाही. देवघराच्या भिंतीजवळ एक फूट बाय एक फूट उघडून बघू."

वरची टाइल निघाली, माल निघाला, खाली १९८४ ची पांढरी टाइल, तिच्याखाली विटांचे तुकडे आणि रेती, आणि त्याच्याही खाली मोरीची मूळ शहाबादी. शहाबादीवर पाणी उभं होतं. रेती काळी पडलेली, वास असा की दोघांना बाहेर यावं लागलं. मामांनी शहाबादीवर लेव्हलची नळी धरली, मग हाताने थोडं पाणी ओतलं. ते पाणी ट्रॅपकडे गेलंच नाही. ते देवघराच्या भिंतीकडे, बुजवलेल्या भोकाकडे वाहत गेलं.

सगळं तिथे उलगडलं. वरच्या टाइल्सचा ढाळ परसाकडे, खालच्या शहाबादीचा ढाळ देवघराकडे. वर पडलेलं बहुतेक पाणी ट्रॅपमध्ये जात होतं, पण फटींतून झिरपलेलं पाणी शहाबादीवर उतरून १९८४ आधीच्या जुन्या वाटेने जुन्या भोकापाशी जमत होतं. भोक फक्त आमच्या बाजूने सिमेंटने लिंपलेलं. आत भिंतीच्या पोटात पोकळी तशीच, पाण्याने भरलेली. आम्ही तीन वेळा वरची कातडी बदलली आणि खालचं हौद तसंच राहिलं.

ही गोष्ट फक्त आमच्या घराची नाही. जिथे मोरीचं बाथरूम झालं आहे आणि पाण्याची दिशा बदलली आहे, तिथे खाली जुना ढाळ असणारच. आणि जुन्या फरशीवर नवी फरशी बसवणं हे काम स्वस्त आणि झटपट असल्याने तो ढाळ कोणीच मोडत नाही.

काम कसं केलं

सगळे थर मूळ जमिनीपर्यंत काढले. एकूण सात इंच निघाले. इथे मशीनचा ब्रेकर लावू दिला नाही, छिन्नी-हातोड्यानेच काढलं. मातीतला दगड हादऱ्याने सैल होतो, आणि या भिंतीच्या कोपऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची चीर अजून आहे. दिवस जास्त लागले, मजुरी जास्त गेली, पण त्यात काटकसर करू नका.

बुजवलेलं भोक दोन्ही बाजूंनी उघडलं. आतली कुजकी माती काढली आणि ते फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत उघडंच ठेवलं. देवघराकडचा सिमेंटचा गिलावा डागाच्या वर एक फुटापर्यंत पूर्ण काढला. भिंतीवर लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारा क्षारांचा पांढरा थर) फुलला होता, तो कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करून बाहेर टाकला. पाण्याने धुवायचा मोह होतो, पण धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. देव तात्पुरते माजघरात हलवले. सासूबाईंनी तीन महिने तक्रार केली नाही, मात्र रोज संध्याकाळी भिंतीला तळवा लावून बघायच्या.

भिंत वाळल्यावर भोक दगड-विटांचे तुकडे सुरखी (विटांची भुकटी) घातलेल्या चुन्यात बसवून भरलं. जमीन मुरूम घालून धुमसाने ठोकली आणि त्यावर चार इंच काँक्रीट. ढाळ या काँक्रीटलाच दिला, फुटाला सव्वा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ट्रॅपकडे. मामांचा आग्रह हाच होता: वरच्या फरशीचा ढाळ आणि तळाचा ढाळ एकाच दिशेला हवा, म्हणजे वरून जे चुकून खाली उतरेल तेही ट्रॅपकडेच जाईल. त्यासाठी ट्रॅपच्या गळ्याभोवती, तळाच्या पातळीवर बारीक भोकं ठेवून त्याभोवती खडी घातली. साठलेलं पाणी वाटेला लावणं हे पाणी अडवण्याइतकंच गरजेचं आहे.

जुन्या भिंतीत पाइपसाठी खाचा मारल्या नाहीत. आतल्या बाजूने बोटभर पोकळी सोडून चार इंची विटांची वेगळी भिंत बांधली, तिच्या पायाला काँक्रीटचा आधार आहे. सगळी लाईन आणि टाइल्स या नव्या भिंतीवर. बाथरूम पाच इंचांनी लहान झालं. घरातल्या दोघांना ते पटलं नव्हतं. पण मातीच्या भिंतीवर सिमेंटचं कोटिंग धरत नाही आणि तिच्यात पाइप पुरला की पुढची गळती कायमची दिसेनाशी होते. जागा फारच लहान असेल तर लाईन भिंतीवरून उघडी न्या. दिसायला साधी, पण गळली की त्याच दिवशी कळते.

मग वॉटरप्रूफिंग. सिमेंटमध्ये मिसळायचं पॉलिमरचं कोटिंग, दोन हात, पहिला आडवा आणि दुसरा उभा. जमीन-भिंतीच्या सांध्याला आधी मालाने गोलाई दिली, जिला गवंडी वाटा म्हणतात, आणि तिथे कोटिंगमध्ये फायबरची जाळी दाबली. कोटिंग भिंतीवर सगळीकडे फूटभर चढवलं, अंघोळीच्या बाजूला सात फूट. ट्रॅपच्या कडेला ते आत वळवलं. ही कड बरेच जण विसरतात, आणि मग सगळीकडे उत्तम काम होऊन ट्रॅपभोवती पाणी उतरतं.

कोटिंग पोत्यावर लिहिल्याइतके दिवस पिकू दिलं आणि टाइल्स बसवण्याआधी पुन्हा अठ्ठेचाळीस तासांची पाणी साठवण्याची तपासणी केली, बादलीसकट. फरशीवाला दोन दिवस थांबायला कुरकुरला. त्याला थांबवा. टाइल्स लागल्यावर चूक सापडली तर ती पुन्हा पहिल्यापासून फोडावी लागते.

टाइल्स चिकटवायला अॅढेसिव्ह, फटी दोन-तीन मिलिमीटर सोडून त्यात इपॉक्सी भरलं. जमिनीवर खरबरीत, लहान आकाराच्या टाइल्स घ्या. मोठी टाइल ढाळाला वळत नाही, मग कोपऱ्यात पाणी थांबतं. दुसऱ्या दिवशी नाण्याने एकेक टाइल वाजवून बघा, पोकळ वाजली ती काढून पुन्हा बसवायला सांगा. ट्रॅप पन्नास मिलिमीटर पाणी धरणारा हवा. उथळ ट्रॅपमधलं पाणी चटकन वाळतं आणि वास येतो.

देवघराच्या बाजूला सुरखी-चुन्याचा गिलावा केला. इथे चुन्याचं काम करणारं माणूस शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण हाताला सवय असलेले आता मोजकेच. वर फक्त चुन्याचा हात. प्लास्टिक रंग अजिबात नाही.

तुमची लक्षणं वेगळी असतील तर

डाग फक्त जुलैपासून दिवाळीपर्यंत असतो आणि डोंगराकडच्या भिंतीवर आहे? मग बाथरूम फोडू नका. किल्ल्याच्या उतारावरच्या घरांत वरच्या घराचं परस आपल्या मागच्या भिंतीच्या उंचीवर असतं, आणि पावसाचं पाणी मुरमाखालच्या खडकावरून सरकत पाऊस थांबल्यावरही येत राहतं. तिथे भिंतीमागे चर काढून, त्यात खडी आणि भोकं असलेला पाइप टाकून पाणी बाजूला नेणं हाच उपाय. वरच्या शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन दोघांनी मिळून करावं लागतं.

बाथरूम माडीवर असेल तर गोष्ट गंभीर आहे. सहा बाय पाचच्या बाथरूमला आठ इंच विटांचा भराव टाकला तर त्याचं वजन टनाच्या घरात जातं. सागवानी तुळया ते वजन वर्षानुवर्षं ओल्या अवस्थेत पेलत बसतात, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आतून कुजतं, बाहेरून दिसत नाही. टोकाला टाचणी किंवा पेचकस टोचून बघा. सहज आत गेलं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियर, मग बाकी सगळं. पाणी साठवण्याची तपासणीही तोपर्यंत करू नका.

भिंत कोरडी पण वास येतो, तर बहुतेक वेळा ट्रॅप सुकलेला असतो. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता.

सांगलीला माझी नणंद राहते. तिच्याकडे त्रास निराळा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे बाथरूम ते चेंबर हा पाइप खचून त्याचा सांधा उघडतो. दर वर्षी तोच सांधा. पाइपाखाली काळी माती काढून मुरूम-रेतीचा थर दिल्यावर थांबलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजलेल्या भिंतींचा लोणा मात्र तिच्याकडे अजून अधूनमधून फुलतो. तिथेही सिमेंटने लिंपू नका, झाडत राहा.

आमच्याकडे आता एकच जागा डोळ्याखाली आहे. बाथरूमच्या चौकटीचा डावा पाय, उंबऱ्याला टेकतो तिथे. लाकूड गडद दिसतं, टोचल्यावर अजून टणक लागतं. अंघोळीनंतर दार उघडंच ठेवतो, आणि शेजारच्या गिलाव्यावर पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकली आहे.